धोटा, विळा आणि चौदा दिवस

मराठीत कामगार चळवळीचा इतिहास एका कपाटात ठेवलेला आहे आणि आदिवासींच्या लढ्याचा दुसऱ्या. तिसऱ्या कपाटात दलित चळवळ. या तिन्ही कपाटांच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे बोलणे नाही. गिरणी कामगारांवर लिहिणारा लालबाग-परळच्या बाहेर पडत नाही. वारल्यांवर लिहिणारा डहाणू स्टेशनावर उतरतो आणि मुंबई विसरतो. आणि आपल्यापैकी जे बाबासाहेबांच्या मजूर पक्षावर लिहितात ते १९३८ च्या संपाशी येऊन थांबतात, जणू पुढे त्या संपाचे काहीच झाले नाही. वस्तुतः झाले. त्या संपातला एक माणूस सात वर्षांनी तलासरीच्या जंगलपट्टीत गेला, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांत जो हक्क मागितला जात होता तो हक्क कमरेला लंगोटी लावणाऱ्या माणसांनी गवताच्या रानात बजावून दाखवला. काम नाकारण्याचा हक्क! आज कापडाचा धंदा गिरणगावातून उठून त्याच वारल्यांच्या शिवेवर आला आहे. तेव्हा ही तिन्ही कपाटे एकदा एकत्र उघडण्याची गरज आहे.

सुरुवात धाग्यापासून करावी लागेल, कारण विटाळही धाग्यापासूनच सुरू होतो.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. पण ते कोठे होते? कताईच्या खात्यात, रिंगवर, साफसफाईत, ओझी उचलण्यात. विणाई खात्यात, ज्याला गिरणीच्या भाषेत साचाखाते म्हणत, त्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे. साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका कामगाराच्या ओठाला लागलेला धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या ओठाला लागणार. महाराचा ओठ लागलेला धोटा मराठ्याने कसा ओठाला लावायचा? आणि साचाखात्यातली मजुरी कताईपेक्षा चांगली होती, हा या शास्त्राचा खरा अर्थ. यंत्र विलायतेचे, भांडवल शेठजींचे, वेळापत्रक भोंग्याचे. पण त्या सगळ्या आधुनिक पसाऱ्यात विटाळ मात्र गावाकडून आणलेला आणि जसाच्या तसा चालवलेला. धोटा तोंडाने ओढणे हे फुफ्फुसाला घातक काम होते. त्याविरुद्ध ओरड करण्याऐवजी सवर्ण कामगारांनी त्या घातक कामाचाही मक्ता आपल्याकडे ठेवला. जात माणसाला स्वतःच्या हिताबद्दलही किती आंधळे करते याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला तरी दिसत नाही.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा जो प्रचंड संप झाला, त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की, साचाखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाही तर मी माझ्या लोकांना संपात राहा म्हणून सांगणार नाही. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण कुरकुरत घेतली. मालकांनी तर हात झटकले. हा भेद आम्ही केलेला नाही, तुमचा तुम्ही निस्तरा, असा त्यांचा पवित्रा होता. दुर्दैवाने त्यात निम्मे सत्य होते. पुढे १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, त्याबद्दल आजही काही डावे लेखक त्यांच्यावर संपफोडेपणाचा शिक्का मारतात. ज्या संघटनेला आपल्याच सभासदांसाठी गिरणीचे एक खाते उघडता येत नाही, ती त्या सभासदांकडून निष्ठा कोणत्या हिशेबाने मागते, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नाहीत.

मात्र यावरून बाबासाहेब संपाच्या हत्यारालाच विरोध करीत होते असे जे आपल्यातले काही जण सुचवतात, तेही तितकेच चूक आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या तिकिटावर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आलेल्यांत एक अस्पृश्येतर तरुण होता, शामराव परुळेकर. ते मूळचे ना. म. जोशींप्रमाणे भारत सेवक समाजातले. १० जानेवारी १९३८ रोजी खोती नष्ट करा म्हणून हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात बाबासाहेबांच्या बरोबरीने परुळेकर होते. त्याच वर्षी बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणले. तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पुरी होईपर्यंत संप करणे बेकायदा आणि तसा संप करणाऱ्याला तुरुंग, हे त्या बिलाचे मर्म. बाबासाहेबांनी विधानसभेत त्यावर जे भाषण केले ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावे. त्यांचा मुद्दा साधा होता. कामाचा करार मोडणे हा फार तर दिवाणी दावा होईल. त्याला फौजदारी गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, आणि इच्छेविरुद्ध राबणाऱ्याला गुलाम म्हणतात. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मजूर पक्ष आणि लाल बावटा या दोघांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी साचाखात्यावरून ज्यांचे बिनसले होते ते या दिवशी एका मैदानात उभे राहिले. गोळीबार झाला. बिलही मंजूर झाले.

या कायद्याची पुढची वंशावळ थोडक्यात सांगून टाकतो. १९३८ च्या कायद्याच्या पायावर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा उभा राहिला. त्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना ठेवली. कापडगिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले तेव्हा पगाराइतकीच त्यांची चीड या कायद्यावर होती. तो संप रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही, गिरण्याच गेल्या. ज्याला आपण गिरणगावाचा शेवट म्हणतो त्याची मुळे १९३८ मध्ये आहेत, आणि ७ नोव्हेंबरच्या मैदानात उभ्या असलेल्यांनी ती तेव्हाच ओळखली होती.

आता परुळेकरांच्या मागे जाऊ. १९३९ नंतर ते आणि गोदावरीबाई कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर दोघे ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांत किसान सभेचे काम करू लागले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. त्याला उंबरगाव-डहाणूकडचे मोजके वारली आले होते, त्यांत माह्या धांगडा हा एक. बाकीचे गप्प बसलेले असताना तो बोलायला उठला, आणि आपल्या मुलखात चला म्हणून परुळेकरांच्या पाठीस लागला. इतिहासाची पुस्तके परुळेकर दांपत्य वारल्यांकडे गेले असे लिहितात. ते आधी बोलावले गेले होते, हे त्याइतकेच ठळक लिहिले गेले पाहिजे.

तो मुलूख काय होता? उंबरगाव तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि आजची तलासरी त्यातच होती. जमीन पूर्वी वारल्यांची. ती सावकार-जमीनदारांच्या नावावर कधी आणि कशी गेली हे कागदाला ठाऊक, वारल्याला नाही. सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल १९३९ मध्येच आला होता. त्यात वेठ, मारझोड आणि लग्नगडी या साऱ्या गोष्टी नोंदवल्या आहेत. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काही रुपये कर्ज घेतलेला आणि त्या बदल्यात बायकोसह आयुष्यभर सावकाराच्या दारात राबणारा माणूस. व्याज कधी फिटत नाही, म्हणून मुद्दल कधी फिटत नाही. लग्न म्हणजे दोन माणसांचे मिळून एक गहाणखत! पावसाळ्यात पोटाला खावटी तीच सावकाराची, आणि तिच्या फेडीला पुढचे पीकही त्याचेच. आपल्याकडच्या महारकीशी, येस्करकीशी याची तुलना कराविशी वाटते. फरक इतकाच की महारकी वतनाच्या नावाखाली चाले आणि लग्नगडी कर्जाच्या. वेठ दोन्हीकडे सारखीच.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. पाचएक हजार माणसे आली. ठराव मोजके झाले. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या जमिनीवर रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. कोणी मारायला आला तर एकट्याने मार खायचा नाही. परिषद संपली आणि वारली घरी गेले. पुढे जे झाले ते परुळेकरांनाही अपेक्षित नव्हते. गावोगावचे लोक लाल बावटा घेऊन सावकारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना हाताला धरून बाहेर काढले. काही आठवड्यांत हजारावर गडी मोकळे झाले. कोणताही पुढारी तेथे नव्हता, कोणताही कायदा झाला नव्हता. गोदावरीबाईंनी या लढ्यावर १९७० मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तक मोठे आहे, आणि सवर्ण कार्यकर्तीने इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेली पुस्तके मराठीत थोडी आहेत. तरी नावाबद्दल माझी तक्रार आहे. ज्याने महिन्याभरात हजार गुलाम सोडवले तो माणूस झोपलेला होता असे कसे म्हणता येईल? तो संधी शोधत होता.

येथे एक अडचणीची गोष्ट बोलणे भाग आहे. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय पेच सोडवण्याची आपली योजना मांडली. तीत आदिवासींना राजकीय प्रतिनिधित्व दिलेले नाही. संधीचा उपयोग करून घेण्याइतकी राजकीय जाण त्यांच्यात अद्याप आलेली नाही, ते कोणाच्या तरी हातचे बाहुले होतील, असे कारण तेथे दिले आहे. त्या भाषणानंतर सतरा दिवसांनी झरीची परिषद झाली. या दोन तारखा शेजारी ठेवायला आपण कचरतो. का कचरावे? ज्या माणसाने आपल्याला शास्त्रे तपासायला शिकवले, त्याच्या शब्दांना शास्त्र करणे हाच त्याचा अपमान आहे. आणि न्याय दुसऱ्या बाजूनेही केला पाहिजे. त्याच काळात बाबासाहेब दिल्लीला मजूर मंत्री होते. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे बिल त्यांनीच मांडले, जे १९४८ मध्ये कायदा झाले. झरीच्या बारा आण्यांमागे जी कल्पना होती, की मजुरीला एक तळ असला पाहिजे आणि त्याखाली कोणाला ढकलता येणार नाही, तीच कल्पना दिल्लीत कलमांच्या भाषेत लिहिली जात होती. दोघांना एकमेकांची खबर होती की नव्हती, हा प्रश्न गौण आहे.

१९४५ चा पावसाळा संपत आला तसा गवताचा हंगाम आला. डहाणू-उंबरगावचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. जमीनदारांना भातापेक्षा गवतात पैसा अधिक, कारण गवताला ना नांगर ना बी, लागतो फक्त विळा आणि फुकट हात. वारल्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. जमीनदारांनी काय केले? गोदावरीबाई सभेला येणार, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप रानोमाळ पसरवला. १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाड्याला हजारो वारली आपल्या बाईच्या रक्षणाला काठ्या घेऊन जमले, आणि दंगल होणार अशी खबर पोलिसांना आधीच दिलेली होती. गोळीबारात पाच जण मेले. त्यांतला जेठ्या गांगड हे एक नाव तरी लोकांच्या तोंडी राहिले. दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरीकडे हुतात्मा दिन पाळला जातो. आपल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत तो दिवस मी कधी पाहिला नाही.

गोळीबाराने संप मोडला नाही. १९४६ च्या अखेरीस जंगलतोडीच्या कामावर महिनाभराचा संप झाला आणि लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला सव्वा रुपया रोज कबूल करावा लागला. मुंबईत तेव्हा पुन्हा खेरांचेच मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि आणखी पाच जण गेले. ज्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये गिरणी कामगाराचा संप गुन्हा ठरवला, त्याच मंत्रिमंडळाने आठ वर्षांनी वारल्याच्या संपाला गोळी घातली. परुळेकर १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच वारले. मजूर पक्षाच्या आपल्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात. कारण ते पक्ष सोडून गेले.

आता धाग्याकडे परत येतो. १ मे १९६० रोजी उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. शेजारी दादरा-नगर हवेली केंद्राच्या ताब्यात. एकाच वारली मुलखाचे तीन तुकडे झाले. १९९१ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून तेथील कारखान्यांवर मर्यादा घातली. झाडांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण पोट तर भरायचे आहे. म्हणून माणसे कडेला जातात: दक्षिणेला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, उत्तरेला उंबरगाव-वापीला, ईशान्येला सिल्वासाकडे. सिल्वासाचे महत्त्व असे की, गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत करसवलतींमुळे तेथे पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने मोठ्या संख्येने आले. सपाट कृत्रिम धाग्याला उष्णता आणि पीळ देऊन तो मऊ, फुगीर करण्याचे काम तेथे होते, आणि देशातल्या अशा धाग्याचा मोठा वाटा या एका टापूतून निघतो. खेळाडूच्या अंगावरची बनियन, ट्रॅकसूट, घाम शोषणारा सदरा, हे सगळे आता मुख्यतः अशा धाग्याचे असते. माझ्या वर्गातली मुलेही तेच घालून येतात. छातीवर कंपनीची खूण खरी की नकली याची त्यांना पक्की पारख असते. धागा कोठून आला हे विचारले तर हसतात.

महामार्गावर पहाटे तलासरीच्या नाक्याला उभे राहिले तर टेम्पो आणि जीपगाड्यांत दाटीवाटीने बसलेली माणसे दिसतात. राहणार महाराष्ट्रात, राबणार गुजरातेत किंवा केंद्रशासित प्रदेशात. किमान वेतनाचा दर तिन्ही ठिकाणी वेगळा, मजूर अधिकारी वेगळा, आमदार तर मुळीच कामाचा नाही, कारण त्याचा कारखाना दुसऱ्या राज्यात. डहाणू मतदारसंघाने २०१९ आणि २०२४ मध्ये लाल बावट्याचाच आमदार निवडला. पण त्याचा आवाज शिवेच्या पलीकडे त्या दरवाजाच्या आत कसा जाणार? त्यात मधे ठेकेदार. हजेरी त्याच्याकडे, पगार त्याच्या हातून, आणि काम नाकारायचे तर कोणाला नाकारायचे हेच कळत नाही. सावकार निदान एका वाड्यात राहत होता.

जगभर कपडे शिवणाऱ्यांच्या हक्कांसाठी गेली पस्तीस वर्षे मोहीम चालू आहे. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये स्वच्छ कपड्यांची मोहीम निघाली. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या वेळी खेळाच्या कपड्यांच्या बड्या कंपन्यांना कामगार संघटनांनी जाहीर जाब विचारला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, ११०० हून अधिक कामगार गाडले गेले, आणि मग कोठे कंपन्यांनी इमारतींच्या सुरक्षिततेच्या बांधील करारावर सह्या केल्या. या मोहिमेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिचा मुख्य आधार युरोपातल्या गिऱ्हाइकाची लाज हा आहे. शिवाय कंपन्यांच्या आचारसंहितांत वंश असे, लिंग असे. जात नेहमीच असे असे नाही. धोट्याला कोणाचा ओठ लागला हा प्रश्न त्यांच्या कागदावर फारसा उमटत नव्हता.

तो उमटला तमिळनाडूत. जानेवारी २०२१ मध्ये तेथील एका कापड कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच पर्यवेक्षकावर. दलित स्त्रियांनी चालवलेल्या एका कापड कामगार संघटनेने ते प्रकरण धरून ठेवले, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखानदार, विदेशी खरेदीदार कंपनी आणि संघटना यांच्यात दिंडिगलचा करार झाला. जातीवरून आणि स्त्री म्हणून होणारा छळ त्यात नाव घेऊन निषिद्ध केला आहे. खात्याखात्यांत कामगार स्त्रियांनीच देखरेख करण्याची तरतूद त्यात आली, आणि कराराचे बंधन खरेदीदारावरही पडले. १९२८ मध्ये जी मागणी संपाच्या पुढाऱ्यांनी कुरकुरत घेतली होती, ती ९४ वर्षांनी कराराच्या मजकुरात आली. आणली कोणी? ज्यांना तिचा चटका बसला त्यांनी.

मात्र अशा करारामागे शेवटी काम थांबवण्याची ताकद लागते, आणि तिचेच आता काय झाले ते पाहा. २०२० मध्ये संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. २०२५ च्या नोव्हेंबरात ती अमलात आणल्याचे सरकारने जाहीर केले. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली पूर्वसूचनेची अट तिने प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लावली. संपाआधी चौदा दिवस नोटीस. तडजोडीची बोलणी चालू असताना संप बेकायदा. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संप. १९३८ च्या बिलाची ही पणती आहे. या चौदा दिवसांचा अर्थ ठेकेदाराला बरोबर कळतो: तेवढ्या अवधीत दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून गाडी भरून माणसे आणता येतात.

१९४५ च्या ऑक्टोबरात वारल्यांनी विळे खाली ठेवले तेव्हा त्यांनी कोणाला नोटीस दिली नव्हती. रात्री एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर निरोप गेला आणि सकाळी रानात कोणी उतरले नाही. गवत उभे होते, पाऊस सरलेला होता, आणि कापणीचे दिवस मोजकेच असतात हे जमीनदारालाही माहीत होते आणि वारल्यालाही.